सुभद्राबाईचा पाय

दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. मी औषधाच्या खिडकीशी बसते आणि ते तिथेच येऊन साठत जातात. घरी गेल्यावर नवरा नुसतं विचारतो, "आज काय झालं?" की माझी भाजी करपलीच! सगळेच काही चारचौघांत सांगण्यासारखे नसतात. पण रोझलिन सिस्टर आणि सुभद्राबाईचे सांगायलाच हवेत.

आमचा मिशनचा दवाखाना आंजीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. मी बोरगाव मेघेहून स्कूटीने जाते. ज्यांचा कुष्ठरोग कधीचाच बरा झाला, पण हातापायांची जाणीव परत आली नाही, असे लोक इथे जखमा घेऊन येतात. दवाखाना दोन नन सिस्टर चालवतात. रोझलिन सिस्टर मूळच्या केरळच्या, साठी ओलांडलेल्या, पण इतकी वर्षं इथे काढली की वऱ्हाडीतच रागावतात. दुसऱ्या ज्योती सिस्टर, तरुण, छत्तीसगडच्या.

*

आमच्याकडे चार वाजता घंटा होते. मग सगळे पेशंट व्हरांड्यात टबात पाय भिजवत बसतात. कातडी मऊ झाली की घासायची, तेल लावायचं आणि शेजाऱ्याचा तळवा नीट पाहायचा. खिळा घुसला तरी ज्याचा त्याला कळत नाही, म्हणून तू माझा पाहा, मी तुझा पाहते, हा इथला नियम.

ज्योती सिस्टर नव्या आल्या त्या दिवशी त्यांनी चारला चॅपलजवळ प्रार्थनेची घंटा वाजवली. पाच मिनिटांत सगळे पेशंट आपापले टब घेऊन चॅपलच्या दारात हजर! कोणी पाणी आणलं, कोणी तेलाची बाटली. ज्योती सिस्टर रडायच्या बेताला आल्या.

रोझलिन सिस्टर आल्या, सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "प्रार्थना साडेचारले कर. देव थांबते. जखम नाई थांबत."

ज्योती सिस्टरना ते काही पटेना. रविवारी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, करायला फादर प्रकाश आले तेव्हा त्यांनी तक्रार केली. फादर अमरावतीकडचे. म्हणाले, "मले काऊन विचारता? रोझलिननं वर देवाले परस्पर कळवून टाकलं असन."

*

सुभद्राबाई तळेगावकडची. घरी शेती, मुलगा, सून आणि एक म्हैस. मुलगा गजू तिला जीपमधून घेऊन आला तेव्हा डाव्या तळव्याची जखम हाडापर्यंत गेली होती. डॉक्टर वर्ध्याहून आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी पाहिलं आणि सरळ सांगितलं, "प्लास्टर घालून पडून राहिली तर पाय वाचेल. चालली, तर घोट्यातून कापावा लागेल."

सुभद्राबाई भिंतीकडे पाहत म्हणाली, "पाय गेला तं मी कोपऱ्यात बसून राहीन अन् सून ताट सरकवीन. तसं जगणं मले नोको."

"कापायची वेळ येणार नाही," रोझलिन सिस्टर डॉक्टरांना म्हणाल्या.

"इतकी खात्री आहे?"

"खात्री नाही. मी ठरवलंय."

*

पण सुभद्राबाई पडून राहील तर ना! तिचा जीव म्हशीत. तिसऱ्याच दिवशी ती गेटजवळ सापडली. रोझलिन सिस्टरनी तिची चप्पल कपाटात ठेवून कुलूप लावलं. उघड्या पायाने चालायचं नाही, हे इथे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे चप्पल नाही म्हणजे चालणं बंद.

रविवारी सगळे मिस्साला चॅपलमध्ये. बाहेर फादरांचे बूट. मिस्सा संपवून फादर बाहेर आले तर एकच बूट शिल्लक!

तेवढ्यात गेटसमोर परतीची एसटी थांबली. कंडक्टर एका बाईला हात धरून आत घेऊन आला. एका पायात प्लास्टर, दुसऱ्यात काळा चकचकीत बूट, हातात काठी. "ही तुमच्याकडचीच ना?" त्याने विचारलं.

फादर म्हणाले, "माय, एकच बूट काऊन नेला?"

"तो पाय प्लास्टरात हाय ना बाप्पा. त्याले बूट कसा बसन?"

रोझलिन सिस्टर तिच्यावर एका शब्दानेही रागावल्या नाहीत. दुपारी त्यांनी आपली खाट ओढत आणून सुभद्राबाईच्या खाटेला लावली आणि गजूला फोन केला. त्या दिवसापासून रोज सकाळी म्हैस व्हिडिओ कॉलवर यायची. सुभद्राबाई पडल्या पडल्या ओरडायची, "गजू, तिले पाणी पाज आधी, मंग मले तोंड दाखव."

*

मग नवस. सुभद्राबाईने गावच्या देवीला पायी येईन म्हणून नवस बोलला. आणि रोझलिन सिस्टरनी तिला न विचारता मदर मेरीला बोलून ठेवलं की सुभद्रा स्वतःच्या पायाने येऊन मेणबत्ती लावेल. हे कळल्यावर सुभद्राबाई म्हणाली, "माह्या पायाचा नवस तू काऊन बोलली?"

"तुझा पाय माझ्या ताब्यात आहे म्हणून."

सुभद्राबाईने थोडा विचार केला. "बरं हाय. दोघी माया, देवी अन् तुही मेरी, मिळून पाह्यतीन."

*

ठरल्या दिवशी प्लास्टर कापलं. जखम भरली नव्हती. कडा थोड्या जवळ आल्या होत्या, इतकंच. डॉक्टरांनी मान हलवली. मला वाटलं, संपलं. खिडकीत उभी राहून मी उगाच गोळ्यांची पाकिटं इकडची तिकडे करत होते.

"अजून एक प्लास्टर," रोझलिन सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, हट्टाने जखम भरत नसते."

"हट्टाने ती पडून तर राहते."

डॉक्टरांनी चिडून का होईना, प्लास्टर घातलं. संध्याकाळी सिस्टर चॅपलमध्ये मल्याळममध्ये मोठमोठ्याने बोलत होत्या. ज्योती सिस्टरनी विचारलं, "काय मागितलं?"

"काही नाही मागितलं. मी अजून थकले नाही, एवढं सांगून आले."

*

आणि दुसरं प्लास्टर कापलं तेव्हा तळव्यावर नवी, गुलाबी कातडी होती. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "चालवा हिला." रोझलिन सिस्टर बाहेर गेल्या आणि तोंड धुऊन परत आल्या. मी तर सरळ सगळ्यांसमोर रडले.

सुभद्राबाईने आधी मेरीपुढे मेणबत्ती लावली. देवीचा नवस तळेगावला गेल्यावर फेडायचा होता. गजू जीप घेऊन आला, पण चारची घंटा झाली म्हणून ती शेवटचं एकदा पाय भिजवायला बसली. शेजारी रोझलिन सिस्टर बसल्या. तिचा तळवा त्यांनी बोटाने चाचपून पाहिला आणि खाली ठेवला.

"आता तुहा पाय दाखव," सुभद्राबाई म्हणाली.

"माझा कशाला?"

"नियम म्हंजे नियम."

सगळा व्हरांडा हसायला लागला. सिस्टरही हसत हसत पाय वर घेऊन बसल्या. सुभद्राबाईने आपल्या वाकड्या बोटांनी तो मांडीवर ओढला, वाकून पाहिलं आणि तिचं हसणं थांबलं. टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता. भोवतीचं रक्त वाळून काळं पडलं होतं.

सिस्टरना कितीतरी वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या मीच देते.

"सिस्टर, हा काटा कवाचा?" सुभद्राबाई म्हणाली.

"कुठं?" रोझलिन सिस्टरनी विचारलं.

ज्योती सिस्टर चिमटा आणायला आत धावल्या. गेटवरून गजूने हॉर्न दिला. सुभद्राबाईने तो पाय उचलून आपल्या टबात ठेवला आणि मान वर न करता म्हणाली,

"जीप घेऊन जा रे गजू. इचा पाय पाहाले इथं कोणी नाई."