डावीकडं तोंड केलेला हॉर्न

अजूनही कधी दुपारी डोळा लागला की मी त्याच रस्त्यावर असतो. लांबवर खाडी, तिच्यावर पांढुरकं ऊन, मिठाचे ढीग, आणि पुढं कंटेनरच्या निळ्या-तांबड्या थप्प्या, लहान मुलांनी ठोकळे मांडून ठेवावेत तशा. आमची पिकअप सावकाश चाललेली असते. मागं कांद्याच्या गोणी, शेजारी बाबा. स्वप्नात बाबा बोलत नाहीत. जागेपणी तरी कुठं बोलायचे म्हणा.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही कोपरखैरण्याच्या मूळ गावातले. शेतं नव्या शहरात गेली, त्यांवर सोसायट्या उभ्या राहिल्या आणि बाबांनी एक जुनी पिकअप घेतली. तुर्भ्याच्या बाजारातून कांदे-बटाटे उचलायचे आणि उरणकडच्या दुकानांत पोचवायचे, हा आमचा धंदा. गाडी मी चालवायचो. बाबांना गाडी येत नव्हती, पण ती कशी चालवावी हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि माझ्या आधी ते आपल्या बाजूला रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबायचे.

माझी धाकटी बहीण जासईला दिली होती. तिला घरात सगळे बाय म्हणायचे. मुलगा चांगला, बंदराच्या बाजूला नोकरीला, सासूही प्रेमळ. तिला तिकडं काही त्रास नव्हता. बिनसलं होतं ते आमच्या दोन घरांचं, आणि तेही एका टोपीवरून.

आमच्याकडं लग्नात नवऱ्यामुलाच्या घरच्या मोठ्यांना टोपी आणि टॉवेल देऊन मान देतात. हा मान वयाच्या क्रमानंच द्यायचा असतो. बायच्या लग्नात माझ्या आतेभावाच्या हाती ताट होतं. त्यानं समोर बसलेल्या दोन काकांकडं बघितलं, ज्याचे केस जास्त पिकलेले दिसले त्याला थोरला समजला आणि टोपी घातली. तो निघाला धाकटा. थोरल्यानं लग्नासाठी केसांना कलप लावला होता. थोरला काका ताडकन उठला, भरल्या पंगतीत हात झटकले, आणि म्हणाला, "आमचा मान राखायचा नव्हता तर बोलावलंत कशाला?" तिथं बाबांनी गप्प बसायचं होतं. पण गप्प बसायच्या जागी बाबा नेमके बोलायचे. ते म्हणाले, "मान पायजे तर आधी कलप धुवून ये." झालं, अर्धी पंगत उठली.

लग्न लागलं, बाय गेली, आणि त्यानंतर तिचं माहेरी येणंच बंद झालं. सणाला लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. हे काम भावाचं. मुराळी आल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही. जासईवाले म्हणायचे, मुराळी येऊ दे, मग पाठवू. बाबा म्हणायचे, "त्यांनी आधी बोलवायला यावं. मी त्या घराची पायरी चढनार नाय." मी जातो म्हटलं, तर म्हणाले, "तू चढलास म्हनजे मीच चढलो." गौरी आल्या आणि गेल्या. दिवाळी गेली. आई बाबांना वाढायची, पण बोलायची ती ताटाकडं बघून.

आणि आमचा रोजचा रस्ता नेमका जासईवरून जायचा. बायचं घर वळणाच्या डाव्या हाताला, एक भातशेत ओलांडून होतं. पुढं ओटा, ओट्यावर दोरी, दोरीवर कपडे. ते वळण आलं की बाबा समोरच्या काचेकडं असे ताठ बघत राहायचे की जणू काचेवर काही लिहिलेलं आहे. मी तिरक्या नजरेनं ओट्याकडं बघायचो. ओटा बहुतेक रिकामा असायचा.

एक दिवस तुर्भ्याला गोणी भरताना बाबा अचानक म्हणाले, "गाडीला मोठा भोंगा बसवू."

"कशाला?"

"हा पिपानीवानी वाजतो. ट्रेलरवाले ऐकत नाय."

ते खरंही होतं. आमचा हॉर्न फारच केविलवाणा होता. म्हणून रिकामी गाडी घेऊन आम्ही तळोज्याला गेलो. तिथं कारखान्यांच्या रस्त्यालगत ट्रक दुरुस्तीच्या पत्र्याच्या शेडी होत्या. हवेला आंबट वास यायचा आणि आभाळ दुपारीसुद्धा संध्याकाळसारखं पिवळट दिसायचं. त्या पिवळ्या उजेडात भिंतीवर टांगलेले हॉर्न चमकत होते, लांब, आखूड, जोडीचे, तीन-तीनचे. फिटर साताऱ्याकडचा होता. गाडी बघून तो हसला.

"मालक, एवढ्याशा गाडीला ट्रकचा हॉर्न? ट्रकला हवेचा ब्रेक असतोय, त्यातनं हवा मिळती. तुमाला येगळा पंप बसवावा लागंल."

"बसव," बाबा म्हणाले.

मग तो एकेक हॉर्न वाजवून दाखवू लागला आणि बाबा डोळे मिटून ऐकू लागले. मी त्यांना आरतीलासुद्धा असे डोळे मिटून उभे राहिलेले बघितले नव्हते. एक हॉर्न झाला की ते मान हलवायचे, नको. दुसरा, नको. शेवटी त्यांनी जोडीचा एक निवडला. त्याचा एक कर्णा लांब, एक आखूड. आवाज आधी भरडा निघायचा आणि मग त्याच्यावर दुसरा बारीक आवाज चढायचा.

"किती लांब जाईल?" बाबांनी विचारलं.

"दोन गावं ओलांडंल."

"एक शेत ओलांडलं तरी बस झालं."

फिटरनं पंप सीटमागं बसवला, नळी ओढली, वायरी जोडल्या, स्टिअरिंगजवळ लाल बटण लावलं. मग कर्णे घेऊन तो केबिनच्या टपावर चढला आणि त्यांची तोंडं सरळ रस्त्याकडं धरली. बाबा खालून म्हणाले, "तोंड डावीकडं कर."

"आं?"

"डावीकडं."

"मालक, हॉर्न म्होरच्याला ऐकवायचा असतोय, शेजारच्याला न्हाई."

"तू डावीकडं कर ना," बाबा चिडून म्हणाले आणि माझ्याकडं पाठ करून पानाच्या टपरीकडं गेले.

तेव्हा मला कळलं. उरणकडं जाताना बायचं घर डावीकडं येतं. मला बाबांचा अतोनात राग आला आणि तेवढीच माया आली, दोन्ही एकदम. एक शब्द जरी बोललो असतो, तरी त्यांनी कर्ण्यांची तोंडं पुढं करायला लावली असती.

पहिल्या खेपेला आम्ही भल्या सकाळी निघालो. खाडीवर धुकं होतं आणि गाडी जमिनीवरून चाललीय की पाण्यावरून, हे कळत नव्हतं. बेलापूर मागं पडलं, गव्हाण फाटा गेला. वळण आलं तसं बाबा हळूच म्हणाले, "ट्रेलर हाय बघ पुढं. वाजव." पुढं ट्रेलर वगैरे काही नव्हता. मी बटण दाबलं. गाडी हादरली, दिवे मंद झाले, आणि तो आवाज डावीकडं धुक्यात घुसला. शेतातले सगळे बगळे एकदम उठले. कडेनं जाणारा एक सायकलवाला सायकलसकट बांधावरून खाली गेला आणि आमच्या सात पिढ्यांची चौकशी करू लागला. मी गाडी पुढं घेतली. आरशात मला ओटा दिसला. दारातून कुणीतरी बाहेर आलं होतं, हिरवं लुगडं होतं की साडी, ते दिसलं नाही, पण हात कपाळावर धरून रस्त्याकडं बघणं बायचंच होतं.

बाबा खिडकीतून अर्धे बाहेर झुकून मागं बघत होते. आत आले आणि म्हणाले, "ऐकला तिनं." मग उरण येईपर्यंत त्यांनी एकदाही ब्रेक दाबला नाही.

ते महिने मला आता एकाच लांब सकाळीसारखे आठवतात. धुकं, मग ऊन, मग उन्हाळ्यात मिठागरांवरून येणारी खारट झळ. आम्ही जायचो, मी वाजवायचो, ती ओट्यावर यायची. बाबा आता कांदे पोचवायला निघताना दाढी करू लागले. धावत्या गाडीतली दाढी त्या ओट्यावरून कुणाला दिसणार होती, पण मी तेही बोललो नाही. आईला मी गुपचूप सगळं सांगितलं होतं. ती सकाळी गाडीजवळ यायची आणि पदरानं कर्ण्यांवरची धूळ पुसायची. घरात कुणीच त्या विषयावर काही बोलत नव्हतं आणि सगळ्यांचं बरं चाललं होतं.

मग तळोज्याजवळच्या एका गावात माझ्या मामेभावाची हळद होती. आमच्यात हळदीला सगळा गोतावळा येतो. बायही आली, सासूबरोबर. मांडवात धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती, बायका तिच्यामागं सूर धरत होत्या, आणि त्या गोंधळात मी बायला एका खांबाजवळ गाठलं. ती अंगानं भरली होती, हसत होती. बाबा थोड्या अंतरावर खुर्चीत चहा घेत बसले होते, आमच्याकडं पाठ करून. पण त्या पाठीला कान होते.

मी फुशारकीनं विचारलं, "काय, कसा वाटला आमचा हॉर्न?"

"कोनचा हॉर्न?"

"आपल्या गाडीचा. रोज वाजवतो ना. तू ओट्यावर येतेस."

ती खळखळून हसली. "दादा, मना काय म्हाईत तुमचा कोनचा? तिकडं दिवसभर ट्रेलर वाजतात, सगल्यांचे आवाज सारखे. कवा कवा तुमची गाडी दिसते, पाठमोरी. नाय तर भलताच कोन असतो."

"मग येतेस कशी बाहेर?"

"कोनचा पन वाजला का येते. काय सांगावं, तुमीच असाल. सासू बोलते, हिला हॉर्नचं याड लागलंय. परवा भाकरी जलली." हे सांगताना तिला स्वतःचंच हसू येत होतं. मला मात्र हसता आलं नाही. त्या रस्त्यावरून दिवसाला किती गाड्या जातात ते मला माहीत होतं.

बाबांनी कपबशी खुर्चीखाली ठेवली. ते उठले, मांडवाच्या बाहेर गेले आणि आम्ही निघेपर्यंत गाडीत बसून राहिले.

पुढच्या खेपेला वळण जवळ आलं आणि सवयीनं माझा अंगठा बटणाकडं गेला. बाबांनी माझं मनगट धरलं.

"नको. गाडी बाजूला घे."

ते उतरले. सदरा खाली ओढला आणि शेताच्या बांधावरून चालू लागले. मी मागोमाग गेलो. अंगणात बायची सासू सुकट वाळत घालत होती. बाबांना बघून तिनं घाईनं पदर डोक्यावर घेतला. बाबा पायरीच्या अलीकडं थांबले. हात जोडले.

"मुराली आयलाय, विहीणबाय."

सासूनं साहजिकच माझ्याकडं बघितलं. मुराळी भाऊ असतो, बाप नाही. मुलीचा बाप असा अंगणात हात जोडून उभा राहत नाही, निदान आमच्यात तरी नाही.

"तो डायवर हाय," बाबा म्हणाले. "मुराली मी हाय."

ती काही बोलणार तेवढ्यात बाय आतून आली, हाताला पीठ तसंच. तिनं बाबांना बघितलं आणि ओट्यावरच मटकन खाली बसली. बाबा पायरी चढले आणि तिच्याजवळ जाऊन बसले.