घ्याकाकांचा उजवा हात

माझ्या सासऱ्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आमच्या गल्लीत कुणी उरलेलं नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना घ्याकाका म्हणत. दुकानात कुणी पाय ठेवला की त्यांच्या तोंडून पहिला शब्द यायचा तो ‘घ्या’. बसायला स्टूल घ्या, पाणी घ्या, उरलेल्या कापडाची पिशवी शिवलीय ती घेऊन जा. कुणी सहज म्हणालं, “छत्री छान आहे हो तुमची,” की छत्री गेलीच म्हणून समजायचं. सासूबाई गिऱ्हाइकांना सांगत, “यांच्यासमोर माझं कौतुक करू नका बाई, मलाही कागदात बांधून देतील.”

ते शिंपी. दुकान रस्त्याला लागून आणि घर म्हणजे दुकानामागच्या दोन खोल्या. दुकानात पायाचं मशीन, कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात पारा उडालेला उभा आरसा. मागे एक लोखंडी खाट, एक कपाट, जेवायचं टेबल आणि भांड्यांची फळी. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, यांनी नुकतंच घर बदललंय, बाकीचं सामान मागून येईल. मी दोन दिवस वाट पाहिली. मग नवऱ्याला विचारलं तर तो हसत सुटला.

बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, त्यामागची समजूत अगदी साधी होती. मला एकदा काजं करायला शिकवता शिकवता म्हणाले, “शिवायला आलेला कोट आपण किती जपतो? घडी घालतो, धूळ बसू देत नाही. पण अंगात घालून मिरवतो का? नाही. तो गिऱ्हाइकाचा. तसंच हे घरातलं सगळं देवबापाचं. आपण जपायचं आणि ज्याच्या मापाचं असेल त्याला देऊन टाकायचं.”

ऐकायला छान वाटलं. पण एका थंड दुपारी माझ्या आईने लग्नात दिलेलं लोकरीचं ब्लँकेट त्यांनी रस्त्यावरच्या पहारेकऱ्याला देऊन टाकलं, आणि मी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून घळाघळा रडले. आईने एकेक टाका घालून ते विणलं होतं. सासूबाईंनी माझा चेहरा पाहिला आणि तडक दुकानात गेल्या.

“तुमचं आहे ते खुशाल द्या. सदरे द्या, चपला द्या, मी कधी अडवलंय? पण पोरीचं कुणाला विचारून दिलंत?”

बाबा मशीनवरून उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले, गळ्यातल्या टेपची टोकं दोन्ही हातांत धरून. “चुकलं माझं,” म्हणाले. “दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म केला मी.” ब्लँकेट परत मागायला ते तयार नव्हते, आणि खरं सांगायचं तर पहारेकरी ते गुंडाळून बसलेला पाहिल्यावर मलाही ते परत नको झालं. त्या दिवशी बाबांनी स्वतःचं पांघरूण माझ्या अंथरुणावर आणून ठेवलं. मी नको नको म्हणत राहिले. ते ऐकतात थोडेच!

असा हा माणूस. चर्चच्या मंडळीत त्यांच्याबद्दल आदराने बोलत. पाळकसाहेबसुद्धा संतोषी माणसाचं उदाहरण द्यायची वेळ आली की नकळत त्यांच्या बाकाकडे पाहत. बाबा तेव्हा खाली मान घालून बुटांकडे बघत बसायचे.

मग तो अपघात झाला. वरच्या फळीवरून अस्तराच्या कापडाचा तागा काढायला ते स्टुलावर चढले, स्टूल कलंडलं, आणि सगळा भार उजव्या मनगटावर आला. हाड मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर घालून घरी आले ते हसतच, “हात पांढरा झाला, आता साहेब झालो,” असं म्हणत. पण दुकानात आल्यावर मात्र त्यांचं हसू मावळलं. लग्नसराई तोंडावर होती. दांडीवर कापडं नुसती लटकत होती. पेपरवाल्याच्या मुलीचा लग्नाचा झगा तर अजून कापायचाच होता. मी आणि सासूबाई हातशिलाई करू शकत होतो, मशीनही मारू शकत होतो. कापणं मात्र आमच्या दोघींच्या हातात नव्हतं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक येऊ लागले. कुणी सूपचं भांडं आणलं, कुणी ताजा पाव, कुणी फळं. आणि बाबा प्रत्येकाला दारातूनच वाटेला लावू लागले. “अहो, कशाला? आम्हाला कशाची कमी आहे? गरजू माणसं पडलीत, त्यांना द्या.” हात जोडता येत नव्हते म्हणून डावा हात छातीवर ठेवून म्हणायचे. लोक भांडं तसंच उचलून परत जायचे. घरात आम्ही तेव्हा कालच्या पावावर दिवस काढत होतो, हे मी कुणाला सांगणार?

शेवटी आली धुणंवाली आजी. गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटी राहते, चार कोंबड्या पाळते. तिचे फाटके कपडे बाबा वर्षानुवर्षं शिवून देत आले होते. तिने पदराखाली धरून वाडगाभर अंडी आणली होती. बाबा नेहमीसारखे म्हणाले, “आजी, तुम्ही खा ती. तुम्हाला ताकद हवी.” आजीने अंड्यांवर पुन्हा पदर घेतला आणि गेली. पण जाताना तिचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता. तो मी पाहिला आणि सासूबाईंनीही पाहिला.

सासूबाईंनी दुकानाचं दार लोटून घेतलं. मला वाटलं आता आवाज चढणार. पण त्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “लोक तुम्हाला संतोषी म्हणतात. मीही म्हणते. पण आज जे केलंत तो संतोष नव्हता, ताठा होता.”

“मी? ताठा?” बाबांना खरंच कळेना.

“आजीकडे द्यायला काय असतं हो? ती अंडी होती. तीही तुम्ही तिला देऊ दिली नाहीत. जन्मभर एकटेच देत राहिलात, आणि बाकीच्यांनी नुसतं ओंजळ धरून उभं राहायचं? प्रभू येशूने विहिरीवर परक्या बाईकडे पाणी मागून घेतलं होतं. तुम्ही त्याच्याहून मोठे झालात?”

बाबा उठले, डाव्या हाताने कशीबशी टोपी घातली आणि बाहेर पडले. मी दारातून पाहत राहिले. ते गल्लीच्या टोकाला गेले, आजीचं दार वाजवलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा वाडगा छातीशी धरलेला होता आणि डोळे लाल होते. “मागून आणली,” एवढंच म्हणाले. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी पोटभर ऑम्लेट खाल्लं.

खरी परीक्षा पुढेच होती. आमच्या समोर एका तरुण टेलर-मास्तरांचं दुकान आहे. काचेचं दार, विजेची मशीनं, भरपूर उजेड. आमची बरीच गिऱ्हाइकं तिकडे वळली होती. बाबांनी त्यांच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नव्हता, पण मास्तरांनी शिवलेला कोट अंगावर घालून कुणी आलं की काजांकडे बघून हलकेच चुकचुकायचे.

तेच मास्तर दुसऱ्या दिवशी काचेचं दार ओढून घेऊन आमच्याकडे आले. हातात मोठी कात्री होती.

“काका, कापायचं काय काय आहे ते काढा.”

बाबांचा डावा हात सवयीने छातीकडे गेला. सासूबाईंनी खाकरून घसा साफ केला. हात खाली आला.

“ही कात्री ओळखलीत?” मास्तरांनी विचारलं. “मी दुकान उघडलं त्या दिवशी तुम्हीच दिली होती. खरं सांगू? घरी जाऊन खूप चिडलो होतो मी. म्हटलं, माझ्याकडे कात्री नाही असं वाटलं की काय यांना? देणारा कसा उंच दिसतो हो, काका. घेणाऱ्याची मान दुखते. तेव्हापासून वाट बघतोय, यांना कधी काही देता येईल का म्हणून.”

बाबा खळखळून हसले. प्लास्टर घालून दुकानात आल्यापासून पहिल्यांदा. “अरे मग लवकर का नाही आलास? मी कधीच पडलो असतो.”

पेपरवाल्याच्या मुलीचा झगा त्या टेबलावर मास्तरांनी कापला. बाबा शेजारी उभे होते. खडूची रेघ त्यांना दोनदा खटकली, ते मला त्यांच्या ओठांवरून कळलं. पण ते बोलले नाहीत. कापून झाल्यावर त्यांनी कापड बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, “सुरेख. मी खांद्यात थोडा सैल ठेवला असता, पण तिला हाच शोभेल.” आणि शोभलाही. लग्नात ती दारातून आत आली तेव्हा बाबांनी कोपराने मास्तरांना ढोसलं.

प्लास्टर निघालं, पण मनगट वाकडंच जुळून आलं. जाड कापडावर कात्री चालवणं त्यांना आता जमत नाही. याचं दुःख त्यांना झालं नाही असं मी म्हणणार नाही. काही दिवस ते टेबलाच्या कडेवरून नुसता हात फिरवत बसायचे. मग एके सकाळी त्यांनीच मास्तरांना जाऊन विचारलं की तू कापून दे, आम्ही शिवून देऊ, चालेल का? तेव्हापासून कापडं रस्ता ओलांडून इकडून तिकडे जातात, आणि मास्तरांच्या दुकानातली काजंही आमच्याकडेच येतात. काजांमध्ये खूप सुधारणा झाली आहे, असं बाबा म्हणतात. ती काजं मी करते.

देणं काही थांबलं नाही. फक्त आता ते आधी घरात विचारतात. आणि एक नवीनच खोड लागली आहे, मागायची. शेजाऱ्यांकडून शिडी आणतील, आजीकडून चिमूटभर मीठ. घरात मीठ असताना! सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, “तिचंही दार कुणीतरी वाजवावं ना.”

सगळ्यात मोठा बदल झालाय तो जेवणाआधीच्या प्रार्थनेत. आता ती फार लांबते. बाबा डोळे मिटून एकेका माणसाचे आभार मानत जातात: पाव आणणारी, शिडीवाले, हाडांचे डॉक्टर, समोरचे मास्तर, मास्तरांची आई, आजी, आजीच्या कोंबड्या. परवा कोंबड्यांच्याही पुढे गाडी गेली, तेव्हा सासूबाईंनी एक डोळा उघडून सूपकडे पाहिलं.

“आमेन म्हणा आता,” त्या कुजबुजल्या. “उरलेल्यांचे आभार संध्याकाळी मानू. देवबाप कुठे जात नाही, सूप गार होतंय.”

बाबांनी आमेन म्हटलं आणि पातेलं माझ्याकडे सरकवलं.