पुढे गेलो की वकीलकाकांना संशय येतो

जिंकलेल्या मॅचचा किस्सा होत नाही हो. जिंकलो, घरी गेलो, जेवलो, झोपलो! किस्से साठतात ते हरलेल्या मॅचचे. त्यातही हातात आलेली मॅच घालवली असेल, तर विचारूच नका. आमच्या काचीगुड्याच्या मराठी मंडळाच्या लेडीज बास्केटबॉल टीमकडे हा माल भरपूर आहे. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आम्ही पुढे, चौथ्यात समोरच्या पुढे, आणि शिट्टी झाली की आम्ही एकमेकींची तोंडं बघत उभ्या!

आमचे कोच म्हणजे वकीलकाका. जन्म दिवाणी कोर्टात गेला. नियम तोंडपाठ, पण स्वभाव महासंशयी. आपण मागे असलो की शांत बसणार. पुढे गेलो की लगेच कपाळाला आठ्या. "एवढं सरळ कसं चाललंय?"

वकिली सोडल्यापासून संध्याकाळी घराबाहेर पडायला त्यांना आमची प्रॅक्टिस हे एकच निमित्त. आणि यंदा मंडळाच्या सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर सुनावलं, "काका, पुढे असलेली एक तरी मॅच या सीझनला जिंकून दाखवा, नाहीतर नवा कोच आणू." त्या दिवसापासून काकांनी तपास सुरू केला.

* * *

पहिला संशय चहावर. चिक्कडपल्लीच्या टीमनं हाफ टाइमला चहा आणि उस्मानिया बिस्किटं दिली. आम्ही मजेत खाल्ली, आणि हरलो.

"हरत असलेला माणूस बिस्किटं कशाला वाटेल?" काकांनी विचारलं.

"पाहुणचार असतो काका," मी म्हटलं.

"तू खाल्लीस?"

"हौ. दोन-तीन."

"मग तू बोलू नकोस. तू लाभार्थी आहेस!"

पुढच्या मॅचला चहाबंदी. समोरच्या बायका आग्रह करकरून थकल्या. आम्ही तोंडं पाडून बसलो, आणि तरीही हरलो. परतताना ऑटोत काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मग म्हणाले, "म्हणजे बिस्किटं निर्दोष." मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात ते मागे वळले. "पाण्याच्या बाटल्या कोणी भरल्या होत्या?"

* * *

मग पाळी आली स्कोअररची. भला तेलुगू माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. काका खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि प्रत्येक बास्केटला त्याच्या हाताकडे बघायला लागले. शेवटी तो वैतागला. "सार, पॉइंट्स नेनु तिन्नाना?" म्हणजे, तुमचे पॉइंट काय मी खाल्ले?

"खाल्ले असं मी म्हणत नाही," काका म्हणाले. "खात असाल तर कळावं, एवढंच."

इकडे आमची आघाडी घसरत चालली होती. टाइम-आउट फक्त कोचला मागता येतो, तोही स्कोअररच्या टेबलापाशी. आमची कॅप्टन सुजाता कांबळे मैदानातून दोन्ही हातांनी 'टाइम-आउट, टाइम-आउट' अशी खूण करत होती. आणि काका बसले होते त्याच टेबलाला चिकटून!

मॅच गेली. काका सुजाताकडे आले, आवाज खाली आणला. "खरं सांग, कोणाला हातवारे करत होतीस?"

सुजाता बँकेत कॅश काउंटरला असते. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची सवय. नाहीतर त्या दिवशी काकांचं काही खरं नव्हतं.

* * *

तिसरा शोध, आमचे बेत फुटतात! समोरच्या टीममधल्या एकीचं माहेर परभणीचं निघालं. तिला मराठी कळतं म्हटल्यावर काकांनी मैदानावरची भाषाच बदलली आणि कोर्टातली आणली. अटॅकला 'दावा', बचावाला 'कैफियत', आणि आघाडी मिळाली की ओरडायचं, 'तारीख!' तारीख म्हणजे बॉल हातात धरून ठेवायचा, काही करायचं नाही, नुसता वेळ काढायचा.

आता बास्केटबॉलमध्ये चोवीस सेकंदांत बॉल मारावा लागतो, नाहीतर तो समोरच्यांना मिळतो. काकांना हे पाठ होतं. पण पुढे गेलो की त्यांच्यातला वकील जागा व्हायचा.

"तारीख!" आम्ही बॉल कुरवाळत बसायचो. बॉल गेला. "तारीख!" पुन्हा गेला. परभणीवाली शेवटी हसत मला म्हणाली, "अगं, तुमच्या काकांना सांग, निकाल आमच्याच बाजूनं लागतोय!"

नंतर काका म्हणाले, "तारीख घेऊन माझा एकही पक्षकार हरला नाही."

सुजातानं विचारलं, "जिंकले किती काका?"

"केस चालू आहे," काका म्हणाले.

* * *

संशय फार वाईट हो. तो आम्हालाही लागला. पुढे गेलो की मी आमच्या स्वप्नाला पास देईना, कारण तिच्या हातून सुटेल. स्वप्ना सुजाताला देईना, सुजाता मला. पहिल्या क्वार्टरला गळ्यात गळे, आणि चौथ्याला प्रत्येकीनं बॉल पोटाशी धरलेला! वर काकांची उलटतपासणी.

"बॉल कुठं गेला?"

"पास दिला काका."

"कोणी पाहिलं?"

* * *

दिलसुखनगरच्या टीमशी सीझनची शेवटची मॅच. आम्ही नऊ पॉइंटनी पुढे, चौथा क्वार्टर सुरू व्हायचा होता. काकांनी आम्हाला जवळ बोलावलं. चेहरा उतरलेला.

"सगळ्यांचे जबाब झाले," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी हजर असलेला माणूस एकच उरतो."

"कोण?"

"मी."

आणि ते सरळ बाहेर जाऊन पार्किंगमध्ये एका स्कूटरवर बसले! ही हरलो तर त्यांची संध्याकाळ संपणार होती, आणि माणूस बघायलाही थांबला नाही.

सुजातानं आम्हाला झापलं. "रडू नका. पास द्या गं एकमेकींना!"

'तारीख' ओरडायला कुणी नव्हतं. मग आम्ही पहिल्या क्वार्टरसारख्या धावलो. मी डोळे मिटून नव्हे, चांगलं बघून स्वप्नाला पास दिला, आणि तिनं बास्केट केली! चौदानं जिंकलो. आम्ही काकांना हाताला धरून आत आणलं.

ट्रॅफिकमध्ये अडकलेले सेक्रेटरी शेवटच्या मिनिटाला पोचले होते. "वा! पण शेवटी कोच दिसले नाहीत ते?"

"इथंच होते!" आम्ही सगळ्या एका सुरात.

काका ताडकन पुढे आले. "साफ खोटी साक्ष! मी पार्किंगमध्ये होतो!"

सुजातानं डोक्याला हात लावला. सेक्रेटरी एकदा स्कोअरबोर्डकडे बघत राहिले, एकदा काकांकडे.

"मग असं करा," ते म्हणाले, "पुढच्या सीझनलाही तुम्हीच कोच. फक्त चौथ्या क्वार्टरला पार्किंगमध्ये बसत जा."

काकांनी डोळे बारीक केले.

"लेखी द्या," ते म्हणाले.