बटण दुसऱ्याच गुणसूत्रावर

२०१६ साली मी तलासरीला बारावीला जीवशास्त्र शिकवत होते. वर्गात सिकलसेलची एक मुलगी होती. कधीकधी तिचे सांधे इतके दुखायचे, की घरचे तिला उचलून डहाणूच्या दवाखान्यात न्यायचे. हाच आजार शिकवायची वेळ आली. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर चुकतं, आईवडील दोघांकडून ते आलं, की रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. "मॅडम, माझ्या ताईलापण सिकलसेल आहे. दोघांकडून आलेला. पण ती दिवसभर चिकूच्या वाडीत काम करते. तिचं कधी काहीच दुखत नाही. असं कसं?"

"माहीत नाही गं. शोधते," मी म्हणाले.

त्याच महिन्यात कोसबाडला शिक्षकांचं शिबिर होतं. पुण्याहून आलेल्या एका संशोधक बाईंना मी जेवणाच्या सुट्टीत गाठलं आणि मुलीचा प्रश्न विचारला. ऐकता ऐकताच त्यांचा चेहरा खुलला.

"पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर ते हळूहळू बंद होतं. पण ते बंद करणारं बटण दुसऱ्याच गुणसूत्रावर आहे! आणि बटण किती दाबायचं हे ठरवणारा डीएनएचा तुकडा, तो तर प्रथिन बनवतच नाही. काहींमध्ये बटण अर्धवटच दाबलं जातं. बाळाचं हिमोग्लोबिन थोडं चालू राहतं, आणि पेशी सहसा वाकत नाहीत."

मी भात कालवायचं विसरले. आमच्या पुस्तकाने निरुपयोगी म्हणून एका ओळीत उरकलेला भाग माणसाचं दुखणं ठरवत होता! परतीच्या बसमध्ये मला राहवेना. शेजारच्या अनोळखी बाईंनाच सगळं सांगत सुटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गुजरातीत म्हणाल्या, "सारुं, बेन." म्हणजे, बरं, ताई.

शनिवारी दोघी बहिणींना घेऊन मी डहाणूला डॉक्टरांकडे गेले. तपासणीनंतर ते म्हणाले, "मोठीत बाळाचं हिमोग्लोबिन भरपूर आहे, धाकटीत अगदीच कमी. नेमकं कशामुळे, ते सगळा जीनोम वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. पण हे वाढवणारी गोळी आहे. सुरू करू, रक्त मात्र तपासत राहायचं."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. धाकटी ताईकडे वळली. "म्हणजे बाळपणीचं रक्त तू अजून ठेवलंयस?"

"तू कशाला टाकलंस मग?" ताई म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या, की डॉक्टरही हसायला लागले.

गोळीने धाकटीचं दुखणं पूर्ण गेलं नाही, पण दवाखान्यात राहायची वेळ क्वचितच येऊ लागली. बारावीचे सगळे पेपर तिने दिले. पुढच्या वर्षी ती नर्सिंगला गेली.