ठिणगीवर चालणारी गाडी

मी तरुणपणी रिमोटची गाडी केली होती असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आमचं घर बऱ्यापैकी असावं. आमच्या घरात वीज होती, पण ती तिच्या मर्जीने यायची. टीव्ही नव्हता. रिमोट लागेल असं काहीच घरात नव्हतं, म्हणून तर गाडी करावी लागली. आमचं बोरी गाव तसं मोठं. पण रेडिओ बिघडला तर तो पिशवीत घालून परभणीला न्यावा लागे, आणि दुरुस्त होऊन आला की आठवड्यात पुन्हा बिघडे.

मी तेव्हा बारावी सायन्सला होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. आज मागणीसाठी मोर्चा, उद्या विरोधात बंद, परवा एसटीच्या काचा फुटल्या म्हणून गाड्या बंद. त्यात लोकांची घरं गेली, माणसं गेली. त्याबद्दल थट्टेने बोलण्यासारखं काही नाही. माझ्यापुरतं एवढंच, की कॉलेज निम्मा वेळ बंद असे आणि कॉलेजच्या लायब्ररीतलं एक जुनं शास्त्राचं पुस्तक माझ्याकडे राहून गेलं होतं. त्यात ठिणगीच्या रेडिओचं एक प्रकरण होतं. काचेच्या नळीत धातूचा कीस भरायचा, दोन्ही टोकांना खिळे बसवायचे. कीस सुटा असला की त्यातून वीज जात नाही. जवळपास कुठे विजेची ठिणगी उडाली की किसाचे कण एकमेकांना धरतात आणि वीज जायला लागते. नळीला धक्का बसला की पुन्हा सुटतात. बस, एवढंच. मला ते इतकं सोपं वाटलं की गावात आजवर कुणी का केलं नाही याचाच राग आला.

नळी मिळाली औषधाच्या ड्रॉपरची. कीस चांदीचा असेल तर उत्तम, असं पुस्तकात होतं. पुस्तक लिहिणाऱ्याचं घर वेगळं असणार. माझ्या आईचं, म्हणजे मायचं, एक जोडवं झिजून तुटलं होतं, ते तिने दिलं. मी दिवसभर कानशीने घासत बसले आणि चिमूटभर कीस काढला. मोटर मामाच्या बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची. चाकं दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, झिजलेल्या स्लिपरच्या तळाची. बांगडी ठेवून गोल आखला आणि विळीवर कापला. आस सायकलच्या तारेचा. अंग तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं. सोल्डरिंगसाठी जाड तांब्याची तार चुलीत लाल करायची आणि कल्हईवाल्याकडून आणलेलं कथील लावायचं. भाकरी भाजायची वेळ आणि माझी सोल्डरिंगची वेळ एकच असल्याने मायला दोन्हीकडे बघावं लागे. ती तक्रार करत नव्हती, पण तव्यावरचं पाणी जरा जास्त जोरात शिंपडायची.

ठिणगी पाडायला मामाच्या फटफटीचं जुनं कॉईल होतं. गरम झालं की ते दगा द्यायचं म्हणून मामाने बदललं होतं. मला ते गरम होईपर्यंत लागणारच नव्हतं.

पहिल्या दिवशी गाडी निघाली आणि थांबलीच नाही. सरळ जाऊन भिंतीवर आदळली, तेव्हा नळीला धक्का बसून थांबली. म्हणजे ब्रेक म्हणून भिंत. मी मग नळी वेगवेगळ्या तऱ्हांनी बांधून पाहिली. घट्ट बांधली तर धक्का लागत नाही, सैल बांधली तर गाडी स्वतःच्याच हलण्याने बंद पडते. शेवटी रबराच्या दोन पट्ट्यांवर टांगली, तेव्हा जमलं: जमिनीत लहानसा खळगा आला की गाडी थांबायची, ठिणगी दिली की पुन्हा निघायची. मायने नुकतं सारवलेलं असलं की खोलीभर एका दमात जायची, पोपडे निघायला लागले की पावलोपावली थांबायची. वळण हवं असेल तर पुढचं चाक आधीच हाताने वाकडं करून ठेवायचं. मागे यायची सोय नव्हती. शेजारची काकू येऊन बघून गेली. तिने विचारलं, ह्याच्यावर काय आणता येतंय. मी सांगितलं, पाव किलो डाळ. ती म्हणाली, मग चांगलं हाय.

बारावीत बरे मार्क पडले आणि नांदेडच्या पॉलिटेक्निकला माझा नंबर लागला. तीन वर्षांचा डिप्लोमा, विजेचा. सोमवारी जाऊन नाव घालायचं होतं. नाही घातलं तर जागा दुसऱ्याला. मी दादांना विचारलं. दादा म्हणाले, बघू.

त्याच आठवड्यात मामा आला. पोखर्णीकडचं स्थळ होतं. पाणी असलेली शेती, एकुलता मुलगा, कॉलेजची दोन वर्षं केलेला. शनिवारी बघायला येतो म्हणाले होते. आमच्याकडे मामाने आणलेल्या स्थळाला नाही म्हणायची पद्धत नाही; पसंत पडलं तर मुलीला नावापुरतं विचारून तिथल्या तिथे सुपारी फोडायची आणि सुपारी फुटली की विषय संपला. मामाने दादांना विचारलं. दादा म्हणाले, बघू. एकाच माणसाने एकाच आठवड्यात दोन्हीकडे बघू म्हणावं, याचा मला इतका संताप आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, कळायला मार्ग नव्हता, कारण ते एरवीही फारसं बोलत नसत.

बघायला पाहुणे येणार म्हणजे भिंतीवर मुलीच्या हातचं काम लागतं. मण्यांचे पोपट, लोकरीचा गुलाब, विणलेले रुमाल. माझ्या हातचं यातलं काही नव्हतं. मायने शेजारच्या काकूच्या मुलीचं सगळं उचलून आणलं आणि आमच्या भिंतीला खिळे मारले. सगळं लावून झाल्यावर तिला बरं वाटेना. सगळंच खोटं कसं ठेवायचं, एक तरी वस्तू पोरीची असावी, असं तिच्या मनाने घेतलं. मी आत साडीत अडकले होते. तिने गाडी पुसली, भिंतीशी मांडली आणि पत्रा दिसू नये म्हणून वर काकूच्या मुलीचा रुमाल घातला.

गाडीतले सेल मी माळवदावर उन्हात ठेवले होते. तसे ठेवले की मेलेला सेलही आणखी थोडे दिवस चालतो. पाहुणे यायच्या आधी मायने वरचं सगळं खाली आणलं, पापड डब्यात भरले आणि सेल त्यांच्या जागी बसवले. मी बसवताना ती रोज पाहत होती. एकही उलटा बसवला नाही.

पाहुणे एसटीने आले. मामाने फटफटीवरून मुलाला आणि त्याच्या वडिलांना स्टॅंडवरून आणलं; गल्लीच्या तोंडाशी ती बंद पडली म्हणून दारापर्यंत ढकलत आणली. मुलाची आत्या राहिली होती, तिला दुसऱ्या खेपेत आणायचं होतं. मी चहा घेऊन बाहेर आले. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, पुरणपोळी येते का विचारलं. खाली मान घालून बसले होते म्हणून मला खालचं सगळं नीट दिसत होतं. रुमालाखालून दादांच्या स्लिपरचं चाक बाहेर आलेलं होतं. रुमालावर मुलाच्या वडिलांनी पानसुपारीचं तबक ठेवलं होतं. त्यांना तो छोटा चौरंग वाटला असणार.

मामा आत्याला आणायला बाहेर पडला. फटफटी दारातच होती. त्याने किक मारली.

गाडी तबक घेऊन निघाली. आदल्या दिवशीच सारवलेलं होतं. मुलाच्या वडिलांच्या समोरून, दादांच्या समोरून, कुणाशी काही न बोलता ती पलीकडच्या भिंतीच्या दिशेने निघाली आणि अर्ध्या वाटेत एका खळग्यात थांबली. फटफटी चालू झाली नव्हती. मामाने दुसरी किक मारली. गाडी आणखी पुढे गेली. एक सुपारी घरंगळली. कुणीही हललं नाही.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, हे काय हाय.

"तिनं केलंय," स्वयंपाकघराच्या दारातून माय म्हणाली. भिंतीवरच्या एकाही वस्तूबद्दल ती इतक्या ठामपणे बोलली नव्हती.

मग मला सांगावं लागलं. फटफटीच्या प्लगमध्ये ठिणगी पडते, ती इथल्या नळीला कळते, वगैरे. मुलाच्या वडिलांना ते पटलं नाही. त्यांच्या मते जमिनीला उतार होता. यावर मुलगा उठला, गाडी उचलून उलट्या दिशेने तोंड करून ठेवली, वर पुन्हा तबक ठेवलं आणि दारात जाऊन मामाला म्हणाला, आणखी एक मारा. मामाने मारली. गाडी आली. वडील म्हणाले, आता मारू नका म्हणावं. मुलाने बाहेर तसं सांगितलं. गाडी उभीच राहिली. आता मारा. आली. बाहेर मामाला आपण कशासाठी किक मारतोय याचा पत्ता नव्हता. त्याला वाटत होतं, पोरगं फटफटी चालू करायला मदत करतंय. त्यात पेट्रोल ओव्हर होऊन फटफटी काही केल्या चालू होईना. घामाने त्याचा पांढरा सदरा पाठीला चिकटला होता.

मुलगा खाली बसून रुमालाखाली डोकावला.

"नळी हालली की बंद पडायलीय का?"

"हां."

"मंग कापसात गुंडाळून ठिवायची ना."

"ठिवली व्हती. भिंतीवर जाऊन आदळली."

तो हसला. मीही हसले. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर हसायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मग त्याने विचारलं, मागे येते का. मी सांगितलं नाही, मोटरच्या तारा उलट करता आल्या तर येईल, पण त्याला दुसरी नळी लागेल. तो म्हणाला, मंग दुसरी नळी करायची. इतक्या महिन्यांत माझ्याशी गाडीबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. पाव किलो डाळीच्या पुढे कुणी गेलंच नव्हतं. मी खाली मान घालायचं विसरून त्याला कीस कसा काढला ते सांगत बसले, आणि पदर केव्हाच खांद्यावर आला होता.

मामा आत आला तेव्हा त्याला हे दृश्य दिसलं. त्याला वाटलं, सोयरीक मोडली.

पण मुलाच्या वडिलांनी दादांकडे वळून सांगितलं, "आमाला पोरगी पसंत हाय. लय हुशार हाय. आमच्या घरी टेप बंद पडलेला हाय, पंखा बंद पडलेला हाय. सुपारी फोडून टाकू." मग त्यांनी सुपारी घ्यायला हात लांबवला, पण तबक गाडीवर होतं आणि गाडी त्यांच्यापासून लांब उभी होती. मुलगा ती आणून द्यायला उठला.

"ऱ्हाऊ द्या," दादा म्हणाले.

सगळे थांबले. दादा त्या दिवशी पाहुण्यांना या-बसा म्हणाल्यानंतर पहिल्यांदाच बोलत होते.

"सोमवारी तिला नांदेडला न्यायचंय, नाव घालायला. तीन सालं शिकू द्या. तवर सुपारी फोडायची न्हाई."

मामा म्हणाला, दाजी, हे काय बोलायलाव. दादांनी पुन्हा तेच सांगितलं, त्याच आवाजात. मुलाच्या वडिलांनी थोडा विचार केला आणि तीन साल म्हणजे लय होतात, असं म्हणाले. ते रागावले नाहीत. एकुलता मुलगा होता, घरात बाईमाणूस एक आत्याच, त्यांना थांबणं जमण्यासारखं नव्हतं. चहा पिऊन झाला होता, तरी मायने पुन्हा टाकला आणि त्यांनी तोही घेतला. निघताना मुलाने गाडी उचलून भिंतीशी नीट ठेवली. माझ्याकडे पाहिलं की नाही, ते मला सांगता येणार नाही, कारण तेव्हा मी पुन्हा खाली मान घातली होती. तेवढ्यात आत्या स्टॅंडवरून उन्हात चालत आली. दारातच तिने विचारलं, काय ठरलं. तिला कुणीच काही सांगितलं नाही, पाणी दिलं.

मामा आमच्याशी दिवाळीपर्यंत बोलला नाही. मायने भिंतीवरचं सगळं उतरवून काकूच्या मुलीला परत नेऊन दिलं आणि रात्री चुलीशी बसून रडली. चांगलं स्थळ गेलं म्हणून रडली, असं ती म्हणाली. मला मात्र आनंद झाला होता. निदान मला तसं वाटत होतं. माझी पेटी भरून झाली होती.

सोमवारी सकाळच्या एसटीने दादा आणि मी निघालो. परभणीला गाडी बदलली. दादा खिडकीशी बसले, कारण त्यांना एसटी लागते. मी त्यांना म्हटलं की तुम्ही नाही म्हणाल असं मला वाटलं नव्हतं. बाहेर ज्वारीची रानं होती, ती कुणाची, कशी आलीत, हे ते बघत होते.

"मानसं वाईट नव्हती," ते म्हणाले. "पोरगंबी चांगलं व्हतं."

मी म्हटलं, मग?

"रीतीपरमानं सुपारी फोडायच्या आदी तुला इचारावं लागलं असतं. तू हो म्हनली असती. म्हून मी आदी बोललो."

मी काहीतरी तिखट बोलायला तोंड उघडलं. मी हो म्हणाले असते हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं म्हणायचं होतं. पण मला तो मुलगा रुमालाखाली डोकावताना दिसला, आणि दुसरी नळी करायची म्हणताना दिसला, आणि शनिवारपासून मी मनातल्या मनात ती दुसरी नळी कुठे बसवायची याचाच विचार करत होते, हे माझ्या ध्यानात आलं. तो विचार करताना मी एकटी नव्हते. मला एकदम रडू यायला लागलं. पूर्णा येईपर्यंत मी रडत होते आणि दादांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, रानंच बघत राहिले. त्यांचं खरं होतं. मी हो म्हणाले असते.