विलायती गरिबांची फ्रेम

आमच्या फ्रेमच्या दुकानात देव यायचे, वारलेली माणसं यायची, लग्नाचे फोटो यायचे. वडिलांच्या मागे दुकान मीच चालवत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा एकदा इंग्लंडचे गरीब आले. घेऊन आला होता शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा मालक. त्याला मी बघताक्षणी ओळखलं. माझा थोरला भाऊ, अण्णा, त्याच्याच फाउंड्रीत अकरा वर्षं साचे भरत होता. वितळलेलं लोखंड पायावर सांडलं, दोन महिने घरी बसला, आणि परत गेला तर त्याच्या जागी ठेकेदाराचा माणूस. मालकाला एकदा समोरासमोर भेटायचं, एवढंच अण्णाचं म्हणणं होतं. वॉचमन गेटच्या आत पाऊल टाकू देत नव्हता.

मालक लंडन फिरून आला होता. तिथून त्याने व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या साप्ताहिकाचं एक जुनं पान आणलं होतं. बर्फात, रात्रीच्या निवाऱ्याच्या दारात उभी असलेली रांग. फाटके कोट, शालीत पोर गुंडाळलेली बाई, भिंतीला टेकलेला एक म्हातारा. दुसऱ्या बाजूला घोडागाडी, आणि तिच्यातून उंच टोपीवाला साहेब नाकाला रुमाल लावून त्यांच्याकडे बघतोय. साहेबाच्या वाट्याला चित्रकाराने कोरा पांढरा कागद सोडला होता; रांगेवर रेघांवर रेघा मारून नुसती काजळी फासली होती.

"ह्या म्हाताऱ्याचं तोंड बघा, ताई," मालक म्हणाला. "सगळा जलम दिसतोय की त्यात. मला तर बघवत न्हाय."

खरंच त्याचे डोळे पाणावले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथल्या तिथे सुनावावं असं वाटलं, पण अण्णाने घरी बजावलं होतं, "माझं मी बोलणार. तू मधी पडू नगंस."

मग मालकाने घोडागाडीवर बोट ठेवलं. "ही बाजू माउंटखाली झाका. लक्ष तिकडंच जातंय. नुसतं गरीब दिसू देत."

चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याला आम्ही माउंट म्हणतो. त्याची खिडकी जेवढी कापाल तेवढंच चित्र दिसतं. त्या संध्याकाळी मी पट्टी लावली आणि साहेब, त्याचा रुमाल, घोडे, सगळं पुठ्ठ्याआड घातलं. भावाचं काम व्हायचं होतं. मालकाने काहीही सांगितलं असतं तरी मी कापलं असतं.

फ्रेम न्यायला त्याला सोमवारी अकराला बोलावलं होतं. अण्णाने चार दिवस बोलणं घोकलं. "मालक, पाय आता बरा हाय. मला परत कामावर घ्या." सोमवारी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दहालाच दुकानात येऊन बसला.

मालक आला. अण्णा उठून उभा राहिला. मालकाने त्याच्याकडे पाहिलं आणि फ्रेमकडे वळला. म्हातारा, शालीतली बाई, तिचं पोर, एकेका चेहऱ्यावर तो थांबत गेला. अकरा वर्षं दर खंडेनवमीला ज्याच्या हातावर स्वतः पेढा ठेवला, तो चेहरा मात्र त्याला दिसला नाही.

"पावणं, जरा गाडीत ठेवता काय?" तो अण्णाला म्हणाला.

बोल, आता बोल, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. अण्णाने फ्रेम उचलली आणि लंगडत पायऱ्या उतरला.

"जपून! काच हाय," मालक मागून म्हणाला.

फ्रेम मागच्या सीटवर नीट ठेवून अण्णा सरळ झाला. "मालक..."

"बरं झालं, आठवलं," मालक मधेच म्हणाला. "ऑफिसात टांगायला पण उद्या तुम्हीच या. हात चांगला हाय तुमचा."

अण्णाचं पाठ केलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. त्याने एवढंच विचारलं, "वॉचमन आत सोडंल न्हवं?"

"सोडंल की. माझं नाव सांगा."

गाडी गेली. अण्णा माझ्याकडे न बघता स्टुलावर बसला. त्या माणसाचा विषय निघाला तरी माझं डोकं आजही फिरतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडी आणि खिळे मीच अण्णाच्या पिशवीत घातले.