बाईंनी मागितलेली माफी

आदरणीय साळवे बाईंची आणि माझी पहिली भेट भिंगारला, आमच्या चर्चच्या हॉलमध्ये झाली. मोबाईलवर ऑनलाईन खेळणाऱ्यांमध्ये मिसळून ख्रिस्ताची साक्ष देणारे स्वयंसेवक तयार करायचे होते. आणि शिकवणार कोण, तर शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई! मी मनात म्हटलं, झालं कल्याण. मला हे खेळ तोंडपाठ होते. बाईंना हेडफोनची डावी-उजवी बाजूही कळत नव्हती.

पण पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "पहिले तीन महिने बायबलचं वचन सांगायचं नाही. खेळायचं, हरायचं आणि समोरचा बोलतो ते ऐकायचं. खेळता खेळता माणूस आपलं दुखणं सांगतो. ते त्याचं असतं, आपलं नाही." आम्ही वहीत लिहून घेतलं. लिहून घ्यायला काय जातंय!

मोबाईलवरच्या खेळात माझ्या टीममध्ये संगमनेरचे एक गृहस्थ होते, डेअरीत कामाला. एकदा खेळ संपल्यावर त्यांनी सांगितलं, बायको लेकराला घेऊन माहेरी गेली ती परत आलीच नाही. मी गहिवरलो आणि आम्हा ख्रिस्ती लोकांना जे पटकन सुचतं तेच केलं. चर्चच्या मंडळीच्या प्रार्थना ग्रुपवर त्यांच्या नावागावासकट विनंती टाकली. प्रार्थना पुष्कळ झाल्या. पण तो मेसेज फिरत फिरत त्यांच्याच डेअरीत पोचला. "तुमच्यावर इस्वास ठेवला हुता," एवढंच बोलून ते टीम सोडून गेले.

मी बाईंना सांगून टाकलं, हे काम माझ्याच्यानं होणार नाही. बाई रागावल्या, चांगल्याच रागावल्या. "पळतोस कुठं? चप्पल घाल. संगमनेरला जायचंय."

गुडघे दुखत असताना त्या एसटीनं माझ्याबरोबर आल्या आणि डेअरीच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. गृहस्थ तापूनच बाहेर आले. "धर्माचं सांगाया आला असाल तर तुमी माघारी जा."

"नाही हो," बाई हात जोडून म्हणाल्या. "याला मी शिकवलं. माझ्या शिकवण्यात कसूर राहिली. माफी मागायला आले आहे." माझी तर मान वर होईना. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. गृहस्थांनी आम्हाला चहा पाजला, पण टीममध्ये परत यायला चार महिने लावले.

आज पार कोपरगावपर्यंत बाईंच्या हाताखालचे स्वयंसेवक आहेत. विचारल्याशिवाय कुणाचं नाव आम्ही प्रार्थनेतसुद्धा चारचौघांत घेत नाही. ही माणसं हे काम नेटानं पुढं नेतील, हे मी छातीठोकपणे सांगतो.

बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्या गृहस्थांना फोनवर वाचून दाखवला. ते अजून आमच्याबरोबर खेळतात. ख्रिस्ती झालेले नाहीत. ऐकून म्हणाले, "छापा. नाव तेवढं घालू नका. अन् खाली माझ्याकडून लिहा, देव बाईंना शंभर वर्षं धडधाकट ठेवो. कुठला देव, ते देवांचं देवांनी ठरवावं."

आम्ही सगळे म्हणतो, आमेन.